पाचशेच्या आत

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा धवल नकाशाची गुंडाळी काखेत मारून हॉलच्या दारातच थबकला होता. कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलचं नूतनीकरण त्याच्याकडे होतं. मापं घ्यायला तो याआधी दोनदा आला, पण दोन्ही वेळा सुट्टीत. रिकाम्या सिमेंटच्या पायऱ्या आणि वर घुमणारी कबुतरं एवढंच त्याने पाहिलं होतं. आज त्या पायऱ्यांवर तीळ ठेवायला जागा नव्हती.

"मॅडम, आज काय आहे?"

"मुलींची फायनल," उत्तरा म्हणाली. मुलुंडच्या या कॉलेजातला खेळ ती अकरा वर्षं एकहाती सांभाळत होती.

"पण गेल्या वर्षीच्या फायनलला तुमच्या रजिस्टरमध्ये चारशे पंच्याऐंशी माणसं आहेत. अकरा वर्षांत एकदाही पाचशेच्या वर नाही. मी त्यावरच चाललोय ना! बाराशे जागांच्या पाचशे केल्या. पश्चिमेची गॅलरी पाडायची, तिथे जिम. समोर पाचशे खुर्च्या, एकदम झकास." तो पुन्हा पायऱ्यांकडे बघत राहिला. "मग हे सगळे कोण?"

रजिस्टरमधले आकडे उत्तराचेच होते. हॉलला वापरातलं दार एकच. दुसरं भिंतीत होतं खरं, पण त्याच्यामागे कॉलेजने मोडक्या बाकांची अडगळ रचून ठेवली होती. म्हणून अग्निशमन दलाची परवानगी फक्त पाचशे प्रेक्षकांची. पहिल्याच वर्षी तेव्हाचे प्राचार्य हसत म्हणाले होते, "मॅडम, बसवा हव्या तेवढ्यांना, लिहा मात्र पाचशेच्या आत." तिने लिहिलं. पुढच्या वर्षीही लिहिलं. आपण खोटं लिहितोय असं वाटणंही हळूहळू थांबलं. ते प्राचार्य निवृत्त होऊन गेले आणि मागे उरल्या तिच्या एकटीच्या सह्या. नवे प्राचार्य सामन्यांकडे फिरकत नसत. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सरळ विचार केला, येतात पाचशे, मग बाराशे जागा हव्यात कशाला?

आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणावं, तर तो पडत होता दुसऱ्यांच्याच पायावर. पश्चिमेच्या गॅलरीत सगळ्यात वरच्या रांगेत सुगंधा बसली होती, कॅप्टन ऋतिकाची आई. विक्रोळीच्या एका दवाखान्यात ती आया होती. ड्युटी संपली की तशीच यायची, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. खेळाचे नियम तिला अजून कळले नव्हते, चेंडू कुणाच्याही जाळीत पडला तरी टाळ्या वाजवायची. सगळी गॅलरीच तशी. नाहूरकडच्या चाळींतल्या बायका, रिक्षा बाहेर लावून आलेले बाप, कडेवरची पोरं. पाचशे खुर्च्या झाल्या की पास येणार, पास आले की पाहुणे आणि देणगीदार येणार. सुगंधा गेटवरूनच परत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"टेंडर उद्या सकाळी जातंय," धवल आवाज खाली आणून म्हणाला. "आजचा खरा आकडा सही करून द्या, मी नकाशा बदलतो. गॅलरी राहील. ते दुसरं दारही मोकळं करून देतो. पण एकदा टेंडर गेलं की वाट लागली, मग मी काही करू शकत नाही."

"आणि मागची अकरा वर्षं? त्याबद्दल कुणी विचारलं तर?"

"विचारतीलच ना, मॅडम." खोटा धीर देणं त्याला जमलं नाही.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. निरोपाला साडी कुठली नेसायची हेसुद्धा तिने ठरवलं होतं. आता त्याऐवजी चौकशी. एवढी माणसं एका दाराच्या भरवशावर का बसवली, हा पहिला प्रश्न येणार. तिला भीती वाटली. आणि ती आधी स्वतःसाठी वाटली, याची लाज वाटली.

एवढ्यात सहदेव शिपाई रजिस्टर घेऊन आला. मध्यंतराला तो नेहमीच येई.

"बाई, आकडो काय घालू? नेहमीचोच?"

उत्तराने रजिस्टर त्याच्या हातातून घेतलं. "नाही. आज मोजूया."

"मोजूचा? आता?" सहदेव भांबावला. "अकरा वर्सां झाली, कधी मोजूक लागला नाय!"

ती कोर्टच्या मधोमध जाऊन पश्चिमेच्या गॅलरीकडे तोंड करून उभी राहिली. बोट वर केलं आणि खालच्या पायरीपासून मोजू लागली. मांडीवरची पोरंसुद्धा धरायची, असं तिने मनाशी ठरवलं. एवढ्या माणसांच्या कडेला ते एकुलतं एक दार केवढंसं दिसत होतं! चौथी रांग संपली तेव्हा एकशे बारा झाले होते.

वर सुगंधाला वाटलं, मॅडम आपल्यालाच हात करताहेत. ती पिशवी सावरत उभी राहिली आणि तिने जोरात हात हलवला. मग शेजारणीने हलवला. मग पुढच्या रांगेने, मग तिच्याही पुढच्या. कुणीतरी "उत्तरा मॅडम!" अशी आरोळी ठोकली आणि सगळी गॅलरी हसत हसत तिच्याकडे बघून हात हलवू लागली.

उलट हात हलवणं तिच्याने होईना. आकडाही चुकला होता.

तिने बोट पुन्हा खालच्या पायरीवर आणलं आणि एकपासून सुरुवात केली.