ह्यांच्यापाशी अडकते

"ह्यांच्यापाशी आली की अडकते बघ," म्हणत शेवाळेकाकूंनी मुलीच्या लग्नाची डीव्हीडी पुन्हा माझ्या काउंटरवर ठेवली.

माझं डोकं सणकलं. डिस्क बदलून झाली, कमी स्पीडला बर्न करून झाली, त्यांच्या घरी जाऊन प्लेअरची लेन्ससुद्धा पुसून झाली. इकडे दुसऱ्या लग्नवाल्यांचे फोन थांबत नव्हते. 'काकू, तुमचा प्लेअरच गेलाय' असं ठणकावून सांगायचं, म्हणून मी डिस्क त्यांच्यासमोरच लावली.

पाठवणी आली. मांडवाच्या खांबाला टेकलेल्या काकांनी हात वर केला आणि चित्र थांबलं.

"बघ! अडकली."

मी कपाळावर हात मारला. तो तर माझाच इफेक्ट होता! लग्नानंतर महिन्याभरात काका गेले, म्हणून मीच ते चित्र गोठवून भोवती फुलांची चौकट लावली होती, मागे सनई सोडली होती.

"अडकत नाही काकू. काका आशीर्वाद देताहेत, म्हणून मुद्दाम थांबवलंय."

"आशीर्वाद? ह्यांचं तोंड तर उघडं आहे. काय म्हणत होते?"

ते मी ऐकलंच नव्हतं. घाईघाईनं मूळ टेप लावली. तिच्यावर सनई नव्हती. हात उगारून काका कॅमेऱ्यावर खेकसत होते, "अरे, माझं काय काढतोस? तिला घे की!" मग पाठ फिरवून, उपरण्यानं डोळे पुसत ते गर्दीत शिरले.

"हां," काकू म्हणाल्या, "आता चालली."