गढीवरचे खड्डे

तिसरा खड्डा दिसला, तेव्हा मृणालिनीला हेंकचाच संशय आला.

न्यूनेन या डच गावाच्या कडेला, गाई चरतात त्या कुरणात एका जुन्या गढीची जागा होती. वर एक वीटही उरलेली नव्हती. गोल उंचवटा आणि भोवती बुजत आलेला खंदक, एवढंच. तिथे खणायला कायद्याने बंदी होती. पुण्याला पुरातत्त्व शिकलेली मृणालिनी नवऱ्यामागून डिपेंडंट व्हिसावर इथे आली आणि दोन वर्षं घरात बसून विटली. मग २००६च्या उन्हाळ्यात गावातल्या इतिहास मंडळाने तिला या जागेवर लक्ष ठेवायचं काम दिलं. पगार नव्हता, पण तिचं स्वतःचं असं काहीतरी होतं.

हेंक मागच्या गल्लीत राहायचा. सत्तरीचा, एकटा. कुत्र्याला घेऊन रोज खंदकाकाठी घुटमळायचा आणि ती दिसली की हातातली वही खिशात सरकवायचा. एकदा तर त्याने विचारलं, तुझा नवरा सकाळी किती वाजता निघतो? तिला ते मुळीच आवडलं नाही.

घरी तिने शिरीषला सांगितलं. हल्ली तो तिचं बोलणं मन लावून ऐकायचा. गढीचा पूल कुठे असेल, माणसं कुठून ये-जा करत असतील, खोदून खोदून विचारायचा. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर का होईना, नवऱ्याला आपल्या विषयाची गोडी लागली, याचं तिला अप्रूप वाटे. पण तक्रारीचं नाव काढताच तो गंभीर झाला.

"मृणाल, म्हाताऱ्याच्या नादी लागू नकोस. आपण इथे परमिटवर आहोत."

तिने तरीही, त्याला न सांगता, पालिकेत कळवलं. गुरुवारी सकाळी सहाला या, पोलीस तिथे असतील, असं उत्तर आलं.

गुरुवारी शिरीष नेहमीसारखा साडेपाचलाच राजधानीच्या झुइडास भागातल्या ऑफिसला जायला निघाला. पाठोपाठ तिने सायकल काढली. कुरणाच्या कुंपणाआड दोन पोलीस उभे होते, आणि त्यांच्याशेजारी हेंक, वही उघडून.

"हे इथे कसे?" तिने विचारलं.

"पहिली तक्रार यांचीच आहे," पोलीस म्हणाला. हेंक तिच्या नजरेला नजर देईना.

इतक्यात धुक्यात, खंदकापलीकडे, मेटल डिटेक्टर बारीक आवाजात वाजला. पोलीस झपाझप पुढे गेले. मृणालिनीही मागोमाग धावली. बॅटरीचा झोत पडताच गुडघ्यांवर बसलेला माणूस दोन्ही हात वर करून हळूहळू उठला. रेनकोटच्या टोपीत चेहरा दिसत नव्हता. पोलिसांनी डचमध्ये नाव विचारलं. तो मृणालिनीकडे वळला.

"मृणाल," तो म्हणाला, "तू घरी जा."