दारातली लाल रिबीन

रोज सकाळी फुलांकडे जाण्याआधी सगळे यांत्रिक हमिंगबर्ड सुलभाताईंच्या दारात यायचे. एकामागून एक, हवेतल्या एकाच रिकाम्या जागी चोच घालायचे आणि मग इक्वेडोरच्या त्या ओल्या जंगलात शिरायचे.

“ही चूक आज काढूनच टाकतो, ताई,” पुण्याहून दुरुस्तीसाठी आलेला श्रीरंग म्हणाला. “तिथे फूल नाही, काही नाही. उगाच बॅटरी जाते.”

“चूक कसली? शेवटच्या खऱ्या पक्ष्याच्या मेंदूवरून तुम्हीच घडवलंत ना यांना? तो रोज यायचा इथे. मी दारात उभी राहून रेवाच्या वेण्या घालायचे. तिच्या लाल रिबिनीचं फूल त्याला खरंच वाटायचं.”

ताईंची लेक रेवा लहानपणीच तापाने गेली, हे श्रीरंगला माहीत होतं. तो ओशाळला.

“म्हणजे त्याची आठवण आहे ही. राहू दे मग. यंत्रं नवीन काही शिकत नाहीत, जागा तीच राहील.”

ताईंनी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथे पेन्सिलीच्या रेघा होत्या.

“दर वाढदिवसाला रेवाला इथे उभं करून मी उंचीची रेघ मारायचे. त्या खालच्या तिच्या. ती गेल्यापासून तिच्या वाढदिवसाला पक्षी जिथे चोच घालतात, तिथे मारते.”

श्रीरंगची नजर रेघांवरून वर वर गेली. सगळ्यात वरची रेघ नेमकी ताईंच्या डोक्याएवढी होती.

“गेल्या वर्षीपासून हलली नाही,” ताई म्हणाल्या. “उंचीला माझ्यावरच गेली.”