अर्धा लिटर

चाळिसावं पाकीट मी फोडलं. आत ‘अर्धा लिटर’ निघालं. माझ्या अभ्यासात दुर्बिणीच्या ऑपरेशनला निम्म्या पेशंटना भुलीचा गॅस मिनिटाला दोन लिटर द्यायचा, निम्म्यांना अर्धाच; तेव्हा मशीन तोच गॅस फिरवून पुन्हा वापरतं. कोणाला किती, ते पाकीट ठरवणार.

टेबलावर गेनूमामा होते. अठरा वर्षं याच थिएटरमध्ये स्ट्रेचर ढकलत आणणारे. आज पित्ताशयाच्या खड्यांसाठी स्वतःच आडवे. संमतीपत्रावर त्यांनी न वाचताच सही केली होती. “दोन्ही सारखंच सुरक्षित, असं तुम्ही सगळ्यांना सांगता की. मी ऐकतो ना रोज, मॅडम.”

मास्क लावताना त्यांनी माझं बोट घट्ट धरलं. मग पकड सैल झाली.

“पोट फुगवतोय,” सर्जन म्हणाले. नाडी ब्याऐंशीवरून एकशे चारवर गेली. पोटात गॅस भरला की बऱ्याच जणांची जाते. एकोणचाळीस वेळा मी शांतपणे बसून होते. आज वाटलं, अर्ध्या लिटरवर मामा आतून जागे तर नसतील? स्क्रीनवर भुलीचं प्रमाण अगदी बरोबर दिसत होतं. तरी माझा हात नॉबवर गेला आणि मी भुलीचा गॅस दोन लिटर केला.

थोड्या वेळानं नाडी उतरली. ती एरवीही आपोआपच उतरते.

मामा शुद्धीवर आल्यावर मी फॉर्म काढला. ‘अभ्यासातून वगळण्याचं कारण’ या रकान्यात ‘मशीनमध्ये बिघाड’ असं लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, ‘पेशंट ओळखीचा होता.’