अंगठ्याचा डाग

निवृत्तीनंतर नवऱ्याने हौसेने जमवलेली चांदीची नाणी तिने सराफापुढे मांडली. नवरा वारल्यावर तिने ती भांड्यांच्या पावडरीने लख्ख घासून काढली होती. त्याच्या बोटांचे काळे डाग तिला घरात नको होते.

सराफाने कपाळाला हात लावला. "काकू, घासलीत कशाला? किंमत त्या जुन्या रंगालाच असते. आता नुसती चांदीच्या भावाने जातील."

"मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी," ती म्हणाली. "तुझ्या घामट हाताने डाग पडतील म्हणायचे."

सराफ हातमोजे घालून एकेक नाणं तराजूत ठेवू लागला. मध्येच थबकला. "काकू, आता नाण्यांना हात लावू नका."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

तराजूतल्या नाण्यावर काळा अंगठा उमटला होता. सराफाने तो पुसला. तो सावकाश पुन्हा वर आला, मग शेजारच्या नाण्यावरही. अंगठ्याच्या मधोमध आडवा व्रण होता. नवऱ्याचा तो व्रण तिने संसारभर पाहिला होता, बहुतेक वेळा आपल्याच मनगटावर दाबलेला.

"वितळवून टाका," ती कोरडेपणाने म्हणाली. "मिळेल ते द्या."

 सराफ तिच्या हाताकडे बघत होता.

तिने खाली पाहिलं. सकाळीच घासलेल्या तिच्या चांदीच्या बांगडीवर, नवरा धरायचा नेमक्या त्या जागी, काळपट डाग उमटत होता. आणि कालपर्यंत सैल असलेली बांगडी मनगटात रुतत चालली होती.