धुतलेले केस

म्युनिकच्या ऑक्टोबरच्या जत्रेत रोझविता दिवसभर बिअरचे जड मग वाहायची. "बाई, आमच्याबरोबर एक घोट तरी घ्या की!" गिऱ्हाइकं गळ घालायची. ती हसून पुढच्या टेबलाकडे वळायची.

नवऱ्याची, कोर्बिनियनची, दारू यंदाच कशीबशी सुटली होती. म्हणून ती रोज घरी जाण्याआधी शेजारच्या आफ्राकडे जाऊन केस धुवायची, कपडे बदलायची.

"एवढी दमतेस, सरळ घरी जा की गं," आफ्रा म्हणायची.

"नको. नुसत्या वासानंही तलफ येईल त्याला."

जत्रा संपली त्या दिवशी घरी येऊन ती दारातच मटकन बसली. कोर्बिनियननं वाकून तिचे बूट काढले.


"हे तेवढे तुझ्या लक्षात येत नाहीत. बिअर मुरलेली असते त्यांत. रोज तू झोपलीस की मीच धुऊन ठेवतो."