म्हाताऱ्या पैलवानाची हार

"पुन्हा वीजच कोसळणार का?" चित्रात विजेच्या रेघा ओढून कंटाळलेली तोमोएची मदतनीस नागिसा पुटपुटली. "मागची लढत भूकंपाने अर्ध्यावर मोडली, त्याआधीची पोलिसांनी!" तोमोए मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून मासिकासाठी चित्रकथा काढायची. तिचा म्हातारा पैलवान अखेर हार मानून गुडघ्यांवर बसला, त्याच पानावर गेम बनवणाऱ्या कंपनीने नामंजुरीची लाल फुली मारली होती. या पराभवासाठी तिने वर्षभर गोष्ट रचत आणली होती. "सेन्सेई, प्रत्येक लढवय्याचे चाहते आहेत," मासिकाचा संपादक कुसाका, चित्रकाराला मानाने हाक मारत, मधाळ आवाजात म्हणाला. "कुणी हरायचंच नाही. आजोबांना तेवढं उभं करा." तोमोएने रेघा झाकायच्या पांढऱ्या शाईत कुंचला बुडवला. म्हाताऱ्याच्या वाकलेल्या मानेवर फटकारा बसला. "मग मेले एकमेकांना बडवतात तरी कशाला?" तिने विचारलं.  "गेमच्या मशीनमध्ये लोकांची नाणी पडावीत म्हणून," कुसाका म्हणाला. "आपण जाहिरात काढतोय, सेन्सेई."